वाचक विचारतात : बर्फावरचे खेळ, पत्रकार आणि त्यांची संघटना

मागच्या अंकात मी बर्फावरच्या खेळांचं वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांच्या संघटनांबद्दल दोनच परिच्छेद लिहिले होते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं संपूर्ण सदर त्यांनाच देते आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. नाव कुणाचंच छापत नाही, कारण काहींनी आपल्या संपादकांबद्दल आणि यजमानांबद्दल मोकळेपणानं लिहिलं आहे.

ताई, क्रीडा पत्रकारांच्या संघटना आधीपासून आहेत. मग स्कीइंग-स्नोबोर्डिंगवाल्यांनी वेगळी चूल का मांडायची?

काम वेगळं आहे म्हणून. मैदानातला सामना पत्रकार कक्षातून पूर्ण दिसतो. डाउनहिलची शर्यत डोंगराच्या एका अंगावरून दोन-तीन किलोमीटर खाली येते. तुम्ही वळणावर उभ्या असाल तर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगानं येणारा खेळाडू क्षणभर दिसतो आणि जातो. शेवटच्या रेषेपाशी उभ्या असाल तर वरचं सगळं पडद्यावर बघायचं. धुकं उतरलं की शर्यत पुढे ढकलली जाते, वारा वाढला की सुरुवातीची जागा खाली आणतात, आणि तुमची बातमी दिवसातून तीनदा बदलते.

पण खरं कारण यापेक्षा खोल आहे. या क्षेत्रात लिहिणारे बहुतेक जण मुक्त पत्रकार. मागे कार्यालय नाही, प्रवासखर्च देणारं वृत्तपत्र नाही. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचा पास, राहण्याची खोली, कधी कधी पायातली स्कीसुद्धा त्या रिसॉर्टकडून किंवा कंपनीकडून येते, आणि लिहायचं असतं त्यांच्याचबद्दल. आंतरराष्ट्रीय क्रीडा पत्रकारांची संघटना १९२४ पासून आहे, पहिल्या हिवाळी ऑलिंपिकच्याच वर्षापासून. तिची गरज आहेच. पण सर्व खेळांचा भार वाहणाऱ्या संघटनेला 'यजमानाच्या पैशानं डोंगरावर गेलेल्या माणसानं खरं कसं लिहावं' या एका प्रश्नाला रोज भिडणं शक्य नाही. तो प्रश्न ज्यांचा आहे त्यांनीच एकत्र येऊन सोडवायला हवा.

तसे लोक एकत्र आलेही. अमेरिकेत १९६३ मध्ये स्कीवर लिहिणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे तिचंच नाव उत्तर अमेरिकी स्नोस्पोर्ट्स पत्रकार संघटना झालं. युरोपात सर्ज लांग या पत्रकारानं स्की पत्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. हे लांग विलक्षण गृहस्थ. त्या काळी स्कीइंगमध्ये ऑलिंपिक आणि जागतिक अजिंक्यपद सोडलं तर विखुरलेल्या शर्यती होत्या; वाचकाला हिवाळाभर धरून ठेवेल असा धागा नव्हता. लांग, फ्रेंच प्रशिक्षक ऑनोरे बोने आणि अमेरिकी प्रशिक्षक बॉब बीटी यांनी हंगामभरच्या शर्यतींचे गुण जोडून विजेता ठरवणाऱ्या विश्वचषकाची कल्पना मांडली, १९६६ च्या ऑगस्टमध्ये चिलीतल्या पोर्तियो इथे जागतिक स्पर्धेच्या वेळी ती जाहीर झाली आणि ५ जानेवारी १९६७ रोजी जर्मनीतल्या बेर्खटेसगाडेनला विश्वचषकाची पहिली शर्यत झाली. त्या पहिल्या वर्षी फ्रान्सचा जाँ-क्लोद किली आणि कॅनडाची नॅन्सी ग्रीन विजेते ठरले. आज आपण ज्याला स्कीचा हंगाम म्हणतो, त्यामागे एका पत्रकाराची कल्पना आहे.

मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. अशा संघटनेचं सदस्यत्व मिळालं तर काम मिळेल का? ओळखपत्रावर लिफ्टचा पास फुकट मिळतो असं ऐकलं.

अनेक ठिकाणी असं ओळखपत्र बघून पास देतात, हे खरं. पण पासासाठी सदस्य होणार असाल तर थोडं थांबा. कोणतीही नीट चालवलेली संघटना अर्जासोबत गेल्या वर्षभरात प्रसिद्ध झालेला मजकूर मागते, आणि ते योग्यच आहे. आधी लिहा. मोठ्या स्पर्धेची वाट बघू नका. मुलांच्या शर्यती, लिफ्ट चालवणारे कामगार, रात्री यंत्रानं उतार सपाट करणारा चालक, बचाव पथकातली माणसं : यांच्यावर कुणी लिहीत नाही आणि यातली प्रत्येक गोष्ट वाचली जाते.

काम ओळखपत्रामुळे मिळत नाही, ओळखीमुळे मिळतं. वार्षिक मेळाव्यात तुमच्या शेजारी जेवायला बसलेली बाई एखाद्या मासिकाची संपादक असते, आणि मानधन किती मागावं, करारात कोणती ओळ वाचल्याशिवाय सही करू नये, हे तिथेच कळतं. मला स्वतःला हे शहाणपण कुठल्या अभ्यासक्रमात मिळालं नाही. वयानं मोठ्या दोन सहकाऱ्यांनी लिफ्टच्या रांगेत उभ्या उभ्या दिलं.

मी मुक्त पत्रकार. एका रिसॉर्टनं चार दिवस राहण्या-जेवणासह बोलावलं. त्यांच्या जाहिरातीत चाळीस सेंटिमीटर ताजा बर्फ होता. प्रत्यक्षात खालच्या उतारांवर दगड वर आले होते. परत आल्यावर जनसंपर्क अधिकाऱ्यांनी 'लेख छापण्याआधी एकदा नजरेखालून घालू' असा निरोप धाडला. मिठाला जागावं की वाचकाला?

वाचकाला. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना राग आला. तुमच्यावर नव्हे, असा निरोप सहजपणे पाठवता येतो या परिस्थितीवर. आता नीट उलगडून सांगते.

आधी तो चाळीस सेंटिमीटरचा आकडा. तो खोटा आहे असं लगेच लिहू नका. तो कुठून आला ते विचारा. माप डोंगराच्या माथ्यावर घेतलं की पायथ्याशी? या दोन ठिकाणी एकाच रात्री जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. किती तासांचं? चोवीस तासांचा बर्फ वेगळा आणि 'या वादळातला एकूण' वेगळा. ज्या फळीवर साचलेला बर्फ मोजतात ती किती वेळानं झाडली? पडलेला बर्फ स्वतःच्या वजनानं बसत जातो, त्यामुळे दर सहा तासांनी झाडून घेतलेल्या मापांची बेरीज दिवसातून एकदाच घेतलेल्या मापापेक्षा जास्त भरते. आणि नैसर्गिक बर्फ किती, यंत्राचा किती? एवढं विचारलं की आकड्याचा अर्थ कळतो. उत्तर देणारा गडबडला तर तीही माहितीच आहे.

हा काही तुमच्या एकटीचा संशय नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयाचे जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्टनी जाहीर केलेला बर्फ आणि सरकारी नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. शनिवार-रविवारी रिसॉर्टचे आकडे इतर दिवसांपेक्षा १२ ते २३ टक्क्यांनी जास्त निघाले. सरकारी नोंदींत असा वार-फरक दिसला नाही. ज्या रिसॉर्टना फुगवण्याचा फायदा जास्त, तिथे फुगवटाही जास्त. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची पुढची नोंद : स्कीइंगला आलेल्या माणसांना डोंगरावरूनच मोबाइलवर खरी स्थिती कळवता येऊ लागली, तेव्हा हा फुगवटा एकदम खाली आला. कुणीतरी तिथे उभं राहून खरं सांगतंय, एवढ्यानं आकडे सुधारले. आपलं काम नेमकं हेच आहे, आणि आपल्याला त्याचे पैसे मिळतात.

आता यजमानपणाचं. पाहुणचार घेतला हे लेखात स्पष्ट लिहा. शेवटी बारीक अक्षरात नको. मजकुरात, पूर्ण वाक्यात : प्रवास कुणी दिला, खोली कुणी दिली, पास कुणी दिला. मग जे पाहिलं ते लिहा. दगड होते तर दगड होते. कोणत्या उतारांवर, कोणत्या तारखेला, दुपारी की सकाळी. सोबत जे चांगलं होतं तेही. वरचे उतार उत्तम असतील तर ते लिहिण्यात संकोच करू नका. यजमानावर टीका केली म्हणजेच लेख प्रामाणिक होतो असं नाही.

मसुदा पाठवायचा नाही. उंची, लिफ्टची क्षमता, पदनाम असे आकडे आणि नावं तपासून घ्यायला वेगळी यादी करून पाठवा, त्यात लाज नाही. लेख नाही. माझ्याकडेही असा निरोप आला होता. मी नकार कळवला, लेख जसा होता तसा छापून आला, आणि त्या ठिकाणचं निमंत्रण पुन्हा आलं नाही. दुसरीकडची आली. काही जनसंपर्क अधिकारी असेही भेटले की ज्यांना प्रामाणिक लेखाची किंमत कळते. त्यांना माहीत असतं की दगड लपवून आणलेला पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही.

आणि इथेच संघटना लागते. एकट्या मुक्त पत्रकाराला 'मी मसुदा दाखवणार नाही' असं म्हणताना पुढच्या हंगामाची भाकरी दिसत असते. तिच्या हातात 'आमच्या संघटनेच्या नियमात हे बसत नाही' असं एक छापील वाक्य असलं, तर भांडण तिचं राहत नाही. म्हणून मी ज्या ज्या बैठकीला जाते तिथे हीच मागणी करते : पाहुणचार जाहीर करण्याचा नियम लेखी हवा, मसुदा न दाखवण्याचा नियम लेखी हवा, आणि या नियमामुळे ज्याचं निमंत्रण रद्द झालं त्याच्या वतीनं संघटनेनं पत्र लिहायला हवं. ओळखपत्र, मेळावे, सवलती हे सगळं त्यानंतर. ज्या संघटनेत हे नसेल तिच्या वर्गणीचा फेरविचार करा.

काही संघटनांत रिसॉर्टचे आणि कंपन्यांचे जनसंपर्कवालेही सदस्य असतात म्हणे. हे बरोबर आहे का?

असतात, बहुधा वेगळ्या वर्गात. मला त्यांचं असणं खटकत नाही. वर्गणीतून एवढीशी संघटना चालवणं अवघड; त्यांच्या मदतीनं मेळावे होतात, आणि अपघात झाला की पहिला फोन ज्याला करायचा तो माणूस ओळखीचा असणं दोघांच्याही हिताचं असतं. पण रेघ ओढायलाच हवी. आचारनियम ठरवणाऱ्या समितीत आणि तक्रारींच्या सुनावणीत त्यांना मत नको. मेळाव्याचा खर्च कोणी किती उचलला हे सर्व सदस्यांना दिसलं पाहिजे.

वर लांग यांचं कौतुक केलं, ते मनापासून. तरीही स्पर्धा घडवणारा आणि तिच्यावर लिहिणारा एकच माणूस असणं मी आज मान्य करणार नाही. त्यांच्या काळात खेळ लहान होता, पैसा थोडा होता, सगळे एकमेकांना ओळखत होते. आता प्रक्षेपणाचे हक्क, यंत्राच्या बर्फाला लागणारं पाणी, डोंगर तोडून केलेली बांधकामं असे प्रश्न आहेत. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्कीच्या शर्यती जवळपास पूर्णपणे यंत्रानं बनवलेल्या बर्फावर झाल्या. त्याबद्दल आयोजकांच्या पंगतीत बसून लिहिता येत नाही.

हिमस्खलनाच्या बातम्या वाचून मला नेहमी वाटतं की काहीतरी राहून गेलंय. 'निसर्गाचा कोप' एवढंच असतं. पत्रकार यात काय वेगळं करू शकतात?

खूप काही. या एका विषयासाठी संघटनेनं दर वर्षी शिबिर भरवलं तरी तिचं असणं सार्थकी लागेल असं मला वाटतं.

बर्फाचा थर बहुतेक वेळा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून सुटतो. खाली एखादा कमकुवत थर असतो, वर वाऱ्यानं आणलेला घट्ट थर बसतो, आणि त्यावर वजन पडलं की तडा धावत जातो. ज्या अपघातांत माणसं सापडतात, त्यांतल्या दहापैकी सुमारे नऊ वेळा तो थर त्या माणसानं किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी सोडवलेला असतो. म्हणजे 'हिमकडा अंगावर कोसळला' हे वाक्य बहुतेक वेळा घटनेचं चुकीचं चित्र उभं करतं. पण हे सांगताना मृताला दोषी ठरवायचं नाही. संध्याकाळी सात वाजता, घरच्यांना कळवण्याच्या आधी, बचाव पथक अजून डोंगरावर असताना तुम्ही निकाल देऊ शकत नाही. नाव घरच्यांना कळल्याशिवाय छापायचं नाही, यावर माझ्याकडे अपवाद नाही.

मग लिहायचं काय? त्या दिवशीचा धोक्याचा अंदाज काय होता ते. हा अंदाज पाच पातळ्यांत देतात. वाचकाला तिसरी म्हणजे मधली, म्हणून ठीकठाक वाटते. पण एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जाताना धोका एका पायरीनं वाढत नाही, तो झपाट्यानं वाढतो, आणि मोठ्या संख्येनं मृत्यू याच तिसऱ्या पातळीच्या दिवशी होतात : चौथ्या-पाचव्याला माणसं घरी थांबतात, तिसऱ्याला बाहेर पडतात. हे एक वाक्य बातमीत आलं तर पुढच्या शनिवारी कुणीतरी परत फिरेल. शोधयंत्र (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारा रेडिओ-संच), फावडं आणि शोधकाठी गटात प्रत्येकाकडे होती का, गाडलेल्याला किती मिनिटांत बाहेर काढलं, हेही लिहा. पहिल्या काही मिनिटांनंतर जगण्याची शक्यता फार वेगानं घसरते, त्यामुळे सोबतची माणसं हेच खरं बचाव पथक असतं.

आणखी एक गोष्ट, जी आमच्यातले लोक हळू आवाजात बोलतात. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पासजवळ टनेल क्रीकच्या उतारावर एका मोठ्या गटातले तीन जण हिमस्खलनात दगावले. त्या गटात स्कीच्या मासिकांसाठी लिहिणारे, छायाचित्र काढणारे लोकही होते. अनुभवी होते, साधनं होती, धोक्याचा इशारा माहीत होता. गट मोठा, प्रत्येकाला वाटतं दुसरा जाणकार आहे, आणि बोलायचं कुणी? छायाचित्रासाठी आजवर कुणी न गेलेला उतार हवा असतो, वाचकांनाही तोच आवडतो. कोवळ्या बर्फात उडी मारणाऱ्या खेळाडूचं चित्र छापताना त्याच पानावर त्या दिवशीची धोक्याची पातळी छापावी, असा प्रस्ताव मी बैठकीत मांडला आहे. तो अजून मंजूर झालेला नाही. मी पुन्हा मांडणार आहे.

पुरस्कारांना काही अर्थ असतो का?

असतो. स्की पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्य दर वर्षी एका खेळाडूला 'स्कीउर दॉर' म्हणजे सुवर्ण स्कीपटू हा मान देतात. तो आता लांग यांच्या नावानं आहे. उत्तर अमेरिकेत पत्रकारांच्या लेखनासाठी हॅरल्ड हर्श यांच्या नावाचा पुरस्कार आहे. हर्श स्कीचे कपडे बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक होते. उद्योगातल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार आक्षेपार्ह नाही, मात्र परीक्षक उद्योगातले नकोत. मुक्त पत्रकाराला असा पुरस्कार मिळाला की पुढच्या लेखाचं मानधन वाढवून मागता येतं, एवढं कारण मला पुरेसं आहे.

हे सगळे श्रीमंतांचे खेळ. यात पत्रकारितेनं लढावं असं खरंच काही असतं का?

स्की जंपिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १९२४ पासून आहे. स्त्रियांना तिथे उडी मारायला मिळाली २०१४ मध्ये, रशियातल्या सोचीला. नव्वद वर्षांनी. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष जाहीरपणे म्हणाले होते की वैद्यकीय दृष्टीनं हे स्त्रियांना योग्य वाटत नाही. २०१० च्या व्हँकुव्हर स्पर्धेआधी या खेळाडू कॅनडातल्या न्यायालयात गेल्या. वगळणं भेदभावाचं आहे हे न्यायाधीशांनी मान्य केलं, पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला तिथला कायदा लागू होत नाही म्हणून दाद मिळाली नाही. सोचीत जर्मनीची कारिना फोग्ट पहिली विजेती झाली. मधल्या सगळ्या वर्षांत काही बातमीदार प्रत्येक पत्रकार परिषदेत तोच प्रश्न विचारत राहिले, उत्तर तेच येतंय हे माहीत असूनही. माझ्या मते ती लढाईच होती.

मला स्की येत नाही. तरी हे काम करता येईल? आणि जाताना सोबत काय न्यावं?

येईल. उतरता येण्याइतपत शिकून घ्या, कारण काही जागी पायी पोचता येत नाही आणि उतार वाचायची नजर उतरल्याशिवाय येत नाही. शर्यतीच्या वेगानं जाण्याची मात्र काही गरज नाही.

पेन्सिल न्या, थंडीत बॉलपेनची शाई थिजते. फोन अंगाजवळच्या खिशात ठेवा, बाहेर ठेवलात तर बॅटरी भराभर उतरते. मोठ्या हातमोज्यांच्या आत पातळ हातमोजे घाला, म्हणजे लिहिताना बोटं उघडी पडत नाहीत. कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी बाहेरच पिशवीत बंद करा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर भिंगावर आणि आतही दव धरतं.

शेवटच्या रेषेपलीकडे खेळाडूला पत्रकारांच्या कठड्यालगत चालत जावं लागतं. आधी टीव्हीवाले, मग रेडिओवाले, शेवटी आपण लिहिणारे. तुमच्यापाशी येईपर्यंत तो तेच उत्तर अनेकदा देऊन कंटाळलेला असतो आणि घाम थंड व्हायला लागलेला असतो. 'कसं वाटतंय' विचारू नका. सकाळी मार्ग पाहणीच्या वेळी उतार आणि मार्ग दाखवणारी काठ्यांची फाटकं नीट बघून ठेवा आणि एकाच जागेबद्दल विचारा : त्या सपाट पट्ट्यानंतरच्या दुसऱ्या फाटकाला इतकं लांबून वळण का घेतलंस? मान वर करून तो थांबतो, आणि हातानं हवेत ते वळण काढून दाखवतो.